अकरांतला एक

लेक : माइक बंद केल्यावरही तुम्ही बोलतच होतात, बाबा.

बाबा : बंद केलाय हे मला कुणी सांगितलं नाही. आणि आवाज पोचत होता माझा.

लेक : पोचत होता? शेवटच्या रांगेत एक गृहस्थ घोरत होते, ते दचकून उठले आणि टाळ्या वाजवायला लागले.

बाबा : गुणग्राहक माणूस.

लेक : त्यांना झोपवलं होतं मी. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाचा लोकांवर झालेला एवढा एकच परिणाम मी प्रत्यक्ष पाहिलाय.

बाबा : हातपाय धुऊन घे. चहा टाकतो.

लेक : चहा नंतर. आधी सांगा, जनसुनावणीला यायचं तुमच्या डोक्यात कुणी भरवलं?

बाबा : तूच. पेपरात दिलं होतंस ना, 'सर्व संबंधित नागरिकांनी उपस्थित राहून सूचना व हरकती मांडाव्यात.' शेजारच्या शिवणवाल्या वहिनींनी वाचून दाखवलं. म्हटलं, मी संबंधित आहे, नागरिक आहे, आणि हरकत तर मला जन्मापासून आहे.

लेक : अहो, ते छापावंच लागतं. ते वाचून कुणी खरोखर येईल असं आमच्या ऑफिसात कुणी धरून चालत नाही. चहासुद्धा आम्ही मोजकाच सांगतो.

बाबा : मला वाटलं, लेक गावात एवढी मोठी सभा घेतेय, तर बापाने पुढच्या रांगेत बसावं. आणि लेक काय म्हणाली? "काका, आपलं नाव सांगा." पोटच्या पोरीने भर सभेत बापाचा काका केला.

लेक : मग काय म्हणू? व्यासपीठावरून 'अहो बाबा, खाली बसा' म्हणू?

बाबा : म्हणायचं होतंस. बसलो असतो.

लेक : आणि तुम्ही नाव काय ठणकावून सांगितलंत! आडनाव ऐकून साहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

बाबा : मग?

लेक : मग काय. मी म्हटलं, 'या आडनावाची इकडे पुष्कळ माणसं आहेत, सर.'

बाबा : वा! म्हणजे काकाही राहिलो नाही. नुसता आडनावबंधू.

लेक : घाबरले हो मी. खालून बाप हरकत घेतोय, वर शेजारी साहेब बसलेत, पडद्यावर माझाच कॉरिडॉर...

बाबा : ते कॉरिडॉर काय प्रकरण आहे? माझ्या माहितीत कॉरिडॉर म्हणजे हॉस्पिटलातला बोळ.

लेक : दोन शहरांमधला सगळा प्रवासाचा पट्टा. हायवे, बस, रेल्वे, सगळं धरून. आम्ही मराठीत 'मार्गपट्टा' म्हणतो.

बाबा : त्यापेक्षा बोळ बरा. मार्गपट्टा म्हटलं की कुत्रं फिरायला नेल्यासारखं वाटतं. उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासली मी, असला शब्द समोर आला असता तर लाल शाईची बाटली संपवली असती.

लेक : तेच तर मला कळेना! पहिल्याच पडद्यावर 'पर्यायी'तली वेलांटी ऱ्हस्व पडली होती. ही एवढी मोठी अक्षरं. मी म्हटलं, संपलं, आता बाबा उठणार. तुम्ही उठलात, पण बोललात बसबद्दल. वेलांटीबद्दल चकार शब्द नाही.

बाबा : माणूस बदलतो.

लेक : तुम्ही? लग्नाच्या आमंत्रणपत्रिका दुरुस्त करून परत पाठवणारे तुम्ही?

बाबा : त्या पडद्यावर एवढं वाकडंतिकडं होतं सगळं, त्यात एका वेलांटीचं काय घेऊन बसलीस.

लेक : वाकडंतिकडं? हायवेची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. तुम्हाला पर्याय तरी कळले का?

बाबा : कळले की. एक, हायवे रुंद करायचा. दोन, हायवे आहे तेवढाच ठेवून बसला वेगळी वाट द्यायची आणि बसगाड्या वाढवायच्या. तीन, ती गंजलेली रेल्वे पुन्हा सुरू करायची. मग तू तिघांना मार्क दिलेस आणि हायवे पहिला आला.

लेक : मी नाही दिले. गणिताने दिले. किती माणसांची किती मिनिटं वाचतात, त्याचा गुणाकार. मोटारीतली माणसं ढीगभर. सकाळच्या थेट बसमधली सरासरी अकरा.

बाबा : त्या अकरांतला एक मी.

लेक : हो, तेच म्हणालात तुम्ही! "त्या अकरांतला एक मी आहे. बाकीचे दहा कामावर गेलेत म्हणून एकटा आलो." सगळं सभागृह हसलं. साहेबही हसले. मी पाणी प्यायला घेतलं आणि ते ब्लाउजवर सांडलं.

बाबा : ते दिसलं नाही मला. आणि माझं चुकलं काय? बस धड नाही म्हणून माणसं चढत नाहीत, आणि माणसं चढत नाहीत म्हणून बस धड नाही.

लेक : ते मला ठाऊक आहे हो! मीच लिहिलंय ते, परिशिष्टात. परिशिष्ट म्हणजे, जे खरं असतं पण कुणी वाचू नये असं वाटतं, ते ठेवायची जागा.

बाबा : बरं, टाकू का आता चहा?

लेक : विषय बदलू नका. तुम्ही सभेत म्हणालात, "दर महिन्याला मी या बसने शहरात जातो." दर महिन्याला?

बाबा : बोलण्याच्या ओघात म्हणालो असेन.

लेक : शहरात मी राहते, बाबा. तुमची एकुलती एक लेक. दर महिन्याला तुम्ही माझ्या शहरात येता आणि मला पत्ता नाही? मला हे अडीचशे लोकांबरोबर कळावं?

बाबा : अडीचशे कुठले, खुर्च्या निम्म्या रिकाम्या होत्या.

लेक : बाबा!

बाबा : फिरायला जातो. बागेत बसतो. येतो परत.

लेक : बसने? आणि मोटार?

बाबा : आहे की शेडमध्ये.

लेक : येताना पाहिली मी. वरच्या आच्छादनावर मांजरीने पिल्लं घातलीत.

शिवणवाली : काका, आहात का घरात? वाळत घातलेले कपडे आत घ्या, आभाळ आलंय. अगं बाई, ताई इथेच आहेत! ताई, काय सुरेख बोललात हो! मला शब्दही कळला नाही, पण आवाज असा छान लागतो तुमचा, की ऐकत राहावं.

लेक : थँक्यू, वहिनी. माझ्या अहवालाबद्दल आजवर आलेला सगळ्यात चांगला अभिप्राय आहे हा.

शिवणवाली : आणि काकांनी तर काय धमाल उडवली! मीच स्कूटरवरून सोडलं त्यांना तिकडे. बरं काका, मी उद्याचं सांगायला आले. उद्या मला नाही हो जमायचं, तीन गिऱ्हाइकं डोक्यावर बसलीत. पण माझी जाऊ येईल तुमच्यासोबत. तिला सांगितलंय सगळं, इंजेक्शन झालं की पट्टी बांधतात, एकट्याला सोडत नाहीत, बसमध्ये हात धरून चढवायचं...

लेक : कसलं इंजेक्शन?

शिवणवाली : अगं बाई, कपडे! काका, आधी कपडे घ्या आत.

लेक : वहिनी, कसलं इंजेक्शन?

शिवणवाली : मी मशीन चालूच ठेवून आले वाटतं.

लेक : तुमचं मशीन पायाचं आहे ना?

शिवणवाली : मग पाय विसरून आले असेन. येते हं काका. रागावू नका, माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

बाबा : माहीत होतं. दुसरं कुणी स्कूटरवालं ओळखीचं नव्हतं म्हणून सांगितलं.

लेक : बाबा, इकडे बघा. माझ्याकडे.

बाबा : बघतोच आहे.

लेक : मी कुठल्या रंगाची टिकली लावलीय?

बाबा : आज सभा होती, म्हणजे तू लावलीच नसशील.

लेक : अंदाज नका सांगू. अंदाज सांगायचं काम माझं आहे.

बाबा : नाही दिसत. तुझ्या चेहऱ्याच्या जागी मधोमध धुकं असतं. कान दिसतात. कान आईवर गेलेत तुझे.

लेक : कधीपासून?

बाबा : हिवाळा संपला तेव्हापासून. आधी ओळी नाचायला लागल्या. मला वाटलं, पेपरवाल्यांनी छपाई बिघडवली. त्यांना एक खरमरीत पत्रही टाकलं. मग दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, तेव्हा कळलं, छपाई माझीच बिघडलीय. डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध पाणी सुटतं म्हणाले. सरळ रेघ नागमोडी दिसते. तुझा हायवे मला आज असा वळवळताना दिसत होता, की म्हटलं, पोरीने घाटातून नेलाय की काय.

लेक : आणि इंजेक्शन डोळ्यात?

बाबा : महिन्याला एक. उद्या चौथं. दुखत नाही, असं डॉक्टर म्हणतात. डोळा त्यांचा नसतो.

लेक : आणि मोटार?

बाबा : ती माझी मीच सोडली. एकदा चौकात एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध बसलेलं. हॉर्न दिला, ढिम्म हलेना. मागे ही रांग लागली. उतरलो, हाडहाड केलं, टाळ्या वाजवल्या. शेवटी एक बाई म्हणाली, "काका, ते सिमेंटचं रिकामं पोतं आहे."

लेक : पोतं?

बाबा : हस. अख्खा चौक हसला, तू कशाला मागे राहतेस? मग मी काय केलं, पोतं उचललं, घडी घातली, कडेला ठेवलं आणि मुद्दाम रस्ता साफ करायलाच उतरलो होतो अशा थाटात गाडीत बसलो. घरी आलो, किल्ली खुंटीला लावली. त्या पोत्याच्या जागी एखादं पोर बसलेलं असतं तर, हा विचार काही डोक्यातून जाईना.

लेक : दर रविवारी फोन करते मी. 'बरे आहात ना?' 'हो.' 'जेवलात ना?' 'हो.'

बाबा : दोन्ही खरं होतं.

लेक : पाच महिन्यांत मी एकदा आले नाही. का, तर या रस्त्याच्या अहवालाचं काम. रस्ता सुधारण्याच्या नादात मला त्याच रस्त्याने यायला सवड झाली नाही. पण तुम्ही सांगायचंत ना!

बाबा : सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस?

लेक : तुम्हाला उचलून शहरात आणलं असतं.

बाबा : झालं तर मग.

लेक : म्हणजे?

बाबा : म्हणजे म्हणूनच नाही सांगितलं. इथे मला नळ कुठे, पायरी कुठे, दुकानदार कुठल्या बाजूने ओरडतो, सगळं न बघता कळतं. स्टँडपर्यंत चालत जाऊ शकतो. बस थांबते, मी चढतो. दवाखाना शहरातल्या स्टँडसमोरच आहे. कुणाचं ओझं नाही. तुझ्या त्या सातव्या मजल्यावर मी काय करू? लिफ्टचं बटण शोधत बसू?

लेक : निदान भेटायचंत तरी.

बाबा : आलो होतो की एकदा. तुझ्या ऑफिसात.

लेक : कधी?

बाबा : दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी. वहिनींना खाली बाकावर बसवलं आणि वर आलो. एका डोळ्यावर पट्टी, समुद्री चाच्यासारखा. दारातली मुलगी म्हणाली, "अपॉइंटमेंट?" म्हटलं, वडील आहे. म्हणाली, "कुणाचे?" मी तुझं नाव सांगितलं. म्हणाली, "मॅडम कॉरिडॉरच्या मीटिंगमध्ये आहेत."

लेक : अरे देवा.

बाबा : मला वाटलं, बोळातच उभी असशील. म्हणून बोळात जाऊन पाहिलं.

लेक : बाबा...

बाबा : तिथे एक पाण्याचं पिंप होतं. पाणी प्यालो. तेवढ्यात बसची वेळ झाली, निघालो.

लेक : त्या मुलीने मला सांगितलंसुद्धा नाही.

बाबा : तिची काय चूक? मी तिला म्हटलं, काही विशेष नाही, सहज आलो होतो.

लेक : त्या महिन्यात आमच्या सगळ्या मीटिंगांचा विषय एकच होता. ठाऊक आहे कुठला? 'बसप्रवाशांची मतं कशी जाणून घ्यावीत.'

बाबा : मग, काय ठरलं?

लेक : ठरलं, की प्रवासी सापडणं अवघड आहे. काखेत कळसा म्हणतात ना, तसलं झालं. आमचा कळसा तर पाणी पिऊन निघून गेला.

बाबा : घे, चहा घे. साखर जास्त पडली असेल, हल्ली हाताच्या अंदाजाने टाकतो.

लेक : बाबा, मी तुम्हाला एक सांगते, ते ऐकून घ्या. हायवे रुंद करायचं ठरलं, तर काम चालू असेपर्यंत ही थेट बस बंद राहणार आहे. 'तात्पुरती स्थगित.' मीच लिहिलंय. एका ओळीत.

बाबा : तात्पुरती म्हणजे?

लेक : चार वर्षं. कदाचित पाच.

बाबा : माझ्या वयाला तात्पुरतं आणि कायमचं यात फारसा फरक उरत नाही गं.

लेक : हे तुम्ही सभेत का नाही बोललात?

बाबा : मला आत्ता कळलं. मी आपला मोजणीत सुटू नये म्हणून आलो होतो.

लेक : मी ते वाक्य लिहिताना काय करत होते सांगू? बिस्किट खात होते. नीट आठवतंय. एका हातात बिस्किट, एका हाताने टाइप केलं, 'स्थगित', पूर्णविराम, आणि बिस्किट चहात पडलं. मला बिस्किटाचं वाईट वाटलं.

(तिचा फोन वाजतो.)

लेक : साहेब आहेत. हो सर... हो, गावातच आहे... कोण? पुढच्या रांगेतले? हो, पांढऱ्या शर्टातले... नाही सर, कुठल्या संघटनेचे नाहीत... पक्षाचेही नाहीत... सर, ते माझे वडील आहेत.

बाबा : नमस्कार सांग.

लेक : नमस्कार सांगताहेत... हो, म्हणाले होते मी तसं, आडनाव पुष्कळांचं असतं म्हणून. घाबरले होते, सर. चुकलं माझं... हो, नोंद त्यांच्या म्हणण्याची इतरांसारखीच व्हावी. आणि माझं एक आहे, सर. बस स्थगित करण्याची ती ओळ मला मागे घ्यायचीय... काम कुठलंही निघो, थेट बस एक दिवसही बंद पडता कामा नये, अशी अट घालायची. पुढे, पहिल्या पानावर... हो, वडिलांमुळेच. खोटं कशाला बोलू? पण बाकीच्यांनाही कुठेतरी जायचं असेलच ना, सर... बरोबर आहे तुमचं. नियम तोच आहे. मग काढून घ्या अहवाल माझ्याकडून, दुसऱ्या कुणाला तपासू दे... तो नवीन? चालेल, हुशार आहे. अट मात्र मी आजच लिहून देते, माझ्या नावाने. ठेवायची की नाही ते तो ठरवेल... हो सर. ठेवते.

बाबा : ओरडले?

लेक : नाही. एवढंच म्हणाले, "जवळचा नातेवाईक मार्गावर असल्यास आधी कळवायचं असतं." मनात आलं, सांगावं, की तो नातेवाईक मार्गावर असतो हे मला आज दुपारी कळलं.

बाबा : म्हणजे माझ्यापायी तुझं काम गेलं.

लेक : काम नाही गेलं. मान गेला. आणि तो तसाही त्या वेलांटीसारखा ऱ्हस्वच होता.

बाबा : आणि बस?

लेक : माहीत नाही, बाबा. हायवे बहुतेक रुंद होईलच. गणित बदलत नाही. पण तो नवीन मुलगा अट वाचेल, साहेब वाचतील, आणि खोडायची झाली तर त्यांना कुणाच्या तरी सहीने खोडावी लागेल. आपोआप बंद नाही पडणार. एवढंच माझ्या हातात होतं.

बाबा : थोडं नाही ते.

लेक : थांबा, ड्रायव्हरला फोन करते... हॅलो, हो, तुम्ही गाडी घेऊन निघा परत. मी आज इथेच थांबतेय. उद्या येते, बसने... बसने, हो. नाही, तब्येत ठीक आहे माझी.

बाबा : उद्या वहिनींची जाऊ येणार आहे माझ्यासोबत.

लेक : त्यांना नको म्हणून सांगते.

बाबा : तुला बसची सवय नाही.

लेक : सवय? सहा वर्षं या बसवर लिहितेय मी. चढले एकदाच, फोटोसाठी. बस उभी होती, इंजीन बंद.

बाबा : मग, कशी वाटली?

लेक : 'प्रवास आरामदायी', असं लिहिलं मी.

बाबा : पाठीचे मणके मोजून घे आज. उद्या संध्याकाळी पुन्हा मोज.

लेक : इंजेक्शन झालं की दुपारी घरी जेवायला या. फक्त जेवायला. संध्याकाळच्या बसने मीच आणून सोडते. शहरात राहा म्हणून एक अक्षर काढणार नाही.

बाबा : पुढच्या महिन्यात काढशील.

लेक : काढेन. तुम्ही नाही म्हणा.

बाबा : हं. हे जमण्यासारखं आहे.

लेक : बसमध्ये कुठे बसता तुम्ही?

बाबा : डाव्या हाताला, खिडकीशी.

लेक : दिसतं काही?

बाबा : समोर बघितलं तर नाही. पण मान जरा वळवली की कडेचं सगळं येतं. झाडं, टपऱ्या, एक तळं आहे ते. मधलंच तेवढं पुसट.

लेक : मधलं मी सांगेन.

बाबा : सांग. पण खिडकी मी सोडणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.